दोघांनी सांगायचा निरोप

इवाओचा चेहरा पाच मिनिटांत विसरायला होई. मी त्याचा न्हावी. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, पुढे एकतीस वर्षं दर महिन्याला ते डोकं माझ्या हाताखालून गेलं, तरी तो टोपी घालून रस्त्यात समोर आला की मला क्षणभर आठवावं लागे, हे गृहस्थ कोण. नाक नाकासारखं होतं आणि कान कानांसारखे. एवढंच त्याचं वर्णन.

आवाजाची गोष्ट मात्र वेगळी होती. आमच्या कायासावा गावात नऊ वस्त्या, चौदा खांब आणि प्रत्येक खांबावर एक भोंगा. सकाळी साडेसहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला त्या चौदा भोंग्यांतून कुवाबारा इवाओ बोलायचा. ग्रामकचेरीत तो साधा कारकून. पण त्याने माइकपुढे तोंड उघडून 'कायासावा ग्रामकचेरी बोलत आहे' म्हटलं की कुत्री खाली बसत. बर्फामुळे बस वीस मिनिटं उशिरा येईल, वरच्या देवळामागे अस्वल दिसलं आहे, दवाखान्याच्या बाकावर कोणाचा तरी चष्मा राहिला आहे, अशा बातम्या तो अशा थाटात सांगे की ज्याचा चष्मा राहिला असेल त्याला आपण थोर माणूस असल्यासारखं वाटावं. संध्याकाळी पाचला धून वाजली की तो म्हणे, 'बाहेर खेळणाऱ्या मुलांनो, आता घरी जा.' मग जरा थांबून, 'पुलाखालच्या तिघांनीसुद्धा.' कचेरीच्या खिडकीतून त्याला पूल दिसायचा.

माइकपासून दूर केलं की मात्र हाच माणूस अडखळायचा. दुकानात येऊन बसला की 'क-क-कमी कर' एवढं म्हणेपर्यंत त्याची मान साफ करून झालेली असे. त्याची बायको सुमिए म्हणायची, 'आमच्या ह्यांचा आवाज ऐकायचा तर मला पाच वाजता अंगणात यावं लागतं.'

भोंग्यावरचं सगळ्यात मोठं काम म्हणजे मयताची बातमी. ती सांगायची इवाओची एक रीत होती. आधी वस्ती, मग घराचं नाव, मग माणसाचं नाव, वय आणि अंत्यसंस्काराची वेळ. एकदा सांगायचं, मनात सातापर्यंत मोजायचं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. सात आकडे अशासाठी की समोरच्या मोठ्या कड्यावर आपटून आवाज परत यायला तेवढा वेळ लागतो. त्या सात आकड्यांत सारं खोरं थांबायचं. फावडं हवेत, सुरी मुळ्यावर, माझा वस्तरा कोणाच्या तरी गळ्यावर. दुसऱ्यांदा नाव ऐकलं की मग हालचाल. बायका एप्रन बांधून निघत, पुरुष शिडी आणि सतरंज्या उचलत. बोलावणं कोणाला नसे. भोंगा वाजला म्हणजे यायचं.

घराचं नाव सांगणं ही इवाओने चूक करून शिकलेली गोष्ट. नोकरीत नवा असताना वरून हुकूम आला की सरकारी भोंग्यावर सरकारी नोंदीतलंच नाव घ्यावं. इवाओ हुकमाचा बंदा. त्याने 'ओकुझावा वस्तीतले सेकी शिगेझो' यांचं निधन झाल्याचं सांगितलं. ओकुझावात सगळेच सेकी, आणि शिगेझो दोन. अकरा माणसं काळे कपडे घालून चुकीच्या शिगेझोच्या दारात उभी राहिली. शिगेझो त्या वेळी जळण फोडत होता. त्याने सगळ्यांना ओळीने पाहिलं आणि म्हणाला, 'आलाच आहात तर जेवून जा.' जेवणं झाली, दोन-चार जणांनी त्याच्याबद्दल चार चांगले शब्दही बोलून घेतले, आणि मग सगळे मिळून खऱ्या मयताच्या घरी गेले. शिगेझोसुद्धा. तेव्हापासून इवाओ 'खालच्या सुतारांचे', 'पुलाकडचे', 'झऱ्याघरच्या' असंच म्हणू लागला. सरकारी नोंदीने त्याला एकदाच फसवलं.

तीन वर्षांपूर्वी त्याने भोंग्यावरून सांगितलं, 'पुलाकडच्या कुवाबारांच्या सुमिए, वय चोपन्न.' स्वतःच्या बायकोचं नाव. आवाज तसाच होता, पहाडासारखा. मी दुकानात उभा राहून मोजत होतो. त्या दिवशी तो सातावर थांबला नाही. अकराव्या आकड्याला पुन्हा सुरुवात झाली. एवढंच. दुसऱ्या दिवशी पुलाकडच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

त्या मयताच्या स्वयंपाकाची सूत्रं नेहमीप्रमाणे झऱ्याघरच्या तोमेआजींच्या हातात होती. सेकी तोमे, वय वर्षं एक्क्याण्णव, खोऱ्यातल्या शेवटच्या घरात एकटी. आईबापांना सहा मुलींवर ही सातवी झाली म्हणून त्यांनी हिचं नाव तोमे, म्हणजे 'थांबव', असं ठेवलं. देवाने निरोप ऐकला, पण हिला काही कोणी थांबवू शकलं नाही. साठ वर्षांत खोऱ्यातलं एकही मयत असं नव्हतं जिथे आजींनी मुळे आणि आळूकुड्या शिजवल्या नाहीत. वस्तीच्या कोठारातले लाखेचा मुलामा दिलेले चाळीस लाकडी वाडगे त्यांच्या ताब्यात. मयत असो नाहीतर बारसं, वाडगे तेच, आणि प्रत्येक वाडगा मऊ कापडाने पुसून कागदात गुंडाळून परत ठेवायच्या त्या स्वतःच. कोणी ओल्या हाताने वाडगा ठेवला तर आजी त्याच्या आजोबांपर्यंत उद्धार करत.

मग विलीनीकरण आलं. आमचं गाव, खालची तीन गावं आणि समुद्राकडचं एक शहर, अशी पाच जणांची मोट बांधून एक मोठं नगर करायचं ठरलं. का, ते सांगायला प्रांताकडून एक माणूस आला होता. त्याने पडद्यावर उतरती रेघ दाखवली आणि म्हणाला, ही तुमची लोकसंख्या. आम्ही रेघेकडे पाहिलं. रेघ खरी होती. नव्या नगराचं नाव ठरवायला चोवीस जणांची समिती दीड वर्ष बसली. एकाचं नाव घेतलं की बाकी चौघे रुसत, म्हणून शेवटी कोणाचंच न घेता 'हारुकाझे' असं ठेवलं, म्हणजे वसंताची झुळूक. आमच्याकडे एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला तरी छपरावरचा बर्फ फावड्याने काढावा लागतो. पण समितीची सभा समुद्राकडे भरायची, तिथे म्हणे झुळूक असते.

मार्च संपला की गाव संपणार होतं. फेब्रुवारीत एक दिवस तोमेआजी गुडघाभर बर्फ तुडवत ग्रामकचेरीत आल्या आणि इवाओच्या टेबलापुढे बसल्या. मी तेव्हा तिथेच होतो, दुकानाचा परवाना नव्या नगराच्या नावाने करून घ्यायला. आजींनी सरळ विचारलं, एप्रिलनंतर मी मेले तर भोंग्यावर सांगशील ना?

इवाओला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला तोंड चालावं लागतं. त्याने अडखळत सांगितलं की भोंगे राहतील, पण आवाज नगरातून येईल, आणि वैयक्तिक माहितीचा नवा कायदा झाल्यामुळे मेलेल्या माणसाचं नाव आता घेता येणार नाही.

आजी म्हणाल्या, 'मेलेल्या माणसाची कसली रे वैयक्तिक माहिती? मेलो हीच एक माहिती, ती तर सगळ्यांना सांगायची.'

इवाओने टेबलावरचा कागद सरळ केला.

'माझ्या वेळेला कोणी येणार नाही म्हण की,' आजी म्हणाल्या. 'नागोयाची भाची येईल, ती मला एका पेटीत घालेल आणि नगरातला एक पोरगा सही करून नेईल. साठ वर्षं मी सगळ्यांच्या चुलीपाशी उभी राहिले, इवाओ. मला रिकाम्या घरातून जायचं नाही.'

हे म्हणताना त्यांचा आवाज चढला नव्हता. वाडगा ओला ठेवणाऱ्यावर चढायचा, तसा अजिबात नाही. मग आजी उठल्या, चष्मा पुसला आणि जाहीर केलं की असं असेल तर मी मार्च संपायच्या आतच मरते.

आणि त्या कामाला लागल्या. रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. काळा किमोनो उन्हाला घातला. स्वतःच्या मयताला लागतील म्हणून सहा मोठे मुळे बर्फात पुरून ठेवले. सगळं खोरं या उपक्रमात रस घेऊ लागलं. बसमध्ये लोक विचारत, 'काय आजी, अजून?' आणि आजी त्रासून म्हणत, 'बघतेय, बघतेय.' पण रोज भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, त्यांना चहा द्यायला आजी दिवसातून वीस वेळा उठू-बसू लागल्या आणि त्यांची तब्येत सुधारली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मार्चच्या वीस तारखेला तपासून सांगितलं की दहा वर्षांत एवढा चांगला रक्तदाब पाहिला नव्हता. आजी त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

एकतीस मार्चला शाळेच्या सभागृहात गावाच्या समारोपाचा कार्यक्रम झाला. गावप्रमुखांनी भाषण वाचलं आणि मध्येच पान हरवलं म्हणून ते रडले, की रडले म्हणून पान हरवलं, यावर अजून मतभेद आहेत. गावाचा झेंडा इवाओने उतरवला आणि त्याची चौकोनी घडी केली. घडी करून झाल्यावर ती कोणाला द्यायची हे कार्यक्रमपत्रिकेत लिहायचं राहून गेलं होतं. तो घडी छातीशी धरून शेवटपर्यंत उभा राहिला. पहिल्या रांगेत तोमेआजी जिवंत बसल्या होत्या आणि तिथे वाटलेला शुभप्रसंगाचा लाल भात निषेध म्हणून दोनदा घेऊन खात होत्या.

पाचला इवाओने शेवटचं प्रसारण केलं. आम्ही सगळे बाहेर अंगणात उभे होतो. तो काहीतरी वेगळं बोलेल असं वाटत होतं. त्याने उद्याचं हवामान सांगितलं, मुलांना घरी जायला सांगितलं आणि म्हणाला, 'कायासावा ग्रामकचेरीचं आजचं प्रसारण संपलं.' सात आकडे गेले. कड्यावरून 'संपलं' तेवढं परत आलं.

तो बाहेर आला तेव्हा आजी दारातच उभ्या होत्या. त्यांनी त्याची बाही धरली. इवाओने, कसं कोण जाणे, न अडखळता सांगितलं, 'आजी, भोंगा नसला तरी मी कळवीन.'

आजींनी त्याला नीट पाहून घेतलं. 'दोघं फिरा हं,' त्या म्हणाल्या. 'एकटा जाऊ नकोस.'

भोंगे येण्यापूर्वीची ती रीत. मयताचा निरोप घेऊन कधी एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं, कारण एकटा गेला तर मेलेला माणूस सोबत म्हणून त्याच्यामागून चालू लागतो. आणि ज्या घरी निरोप पोचेल त्या घराने निरोप्यांच्या तोंडात काहीतरी घालायचं, लोणच्याची एक फोड का होईना. निरोप्यांनी नाही म्हणायचं नाही. माझे वडील अशा एका निरोपाला गेले आणि तांदळाच्या दारूचे तेवीस पेले पिऊन कोण मेलं तेच विसरून परत आले, अशी आमच्या घरात एक आठवण आहे.

एप्रिलपासून भोंग्यातून एक बाई बोलू लागली. गोड आवाजाची, चौतीस किलोमीटर लांबची, आणि बहुधा माणूस नसलेली. तिला आमच्या वस्त्यांची नावं नीट घेता येत नसत. जूनमध्ये तिने अस्वल आल्याचा इशारा दिला. आम्ही दारं लावून, दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून, कोळसा होईपर्यंत मासे भाजत दिवस काढला. अस्वल समुद्राकडच्या भागात होतं. आमच्याकडे आलं ते त्यानंतरच्या आठवड्यात, तेव्हा बाई व्यायामाचं महत्त्व सांगत होती.

ग्रामकचेरीची 'शाखा' झाली. बावीस जणांतले पाच उरले. इवाओला तीन नंबरच्या खिडकीत बसवलं. त्याच्या पाठीमागे जुना माइक काचेच्या कपाटात ठेवला होता, वर पाटी, 'केवळ आपत्काळात'. कपाटाची किल्ली इवाओच्याच खणात असे. नगरातून दोन मुली येऊन गावच्या प्रत्येक वस्तूवर क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावून गेल्या, घड्याळावर, फावड्यांवर आणि वस्तीच्या कोठारातल्या चाळीस वाडग्यांच्या बुडांवरही. ते कळल्यावर आजी गरम पाणी घेऊन कोठारात बसल्या. एकही पट्टी निघाली नाही. त्या मला म्हणाल्या, 'वस्तऱ्या, तुझा वस्तरा आण.' मी गेलो. लाख खरवडली जाईल म्हणून त्यांनीच मला हात लावू दिला नाही. मग आम्ही नुसता चहा प्यायलो.

नोव्हेंबरच्या एका सोमवारी टपालवाल्याला तोमेआजी चुलीपाशी बसलेल्या सापडल्या. गेल्या होत्या. पुढ्यात अर्धा सोललेला मुळा होता.

भाची मंगळवारी आली. चांगली बाई, नम्र, पण तिला खोऱ्यातलं कोणी माहीत नव्हतं. तिने गुरुवारी सकाळी अकराची वेळ ठरवली, घरूनच न्यायचं ठरवलं आणि कळवायचं कोणाला म्हणून शाखेत विचारायला आली. इवाओने नगरात फोन लावला. हे सगळं मला नंतर एक नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. फोनवर एक तरुण अधिकारी होता, तोही नम्र. त्याने सांगितलं की नाव, घराचं नाव आणि पत्ता यातलं काहीच प्रसारित करता येणार नाही, मात्र विशेष परवानगीचा अर्ज आहे, त्याचं उत्तर दहा दिवसांत मिळतं.

'दहा दिवस आ-आजीला थांबवता येणार नाही,' इवाओ म्हणाला.

अधिकाऱ्याने मनापासून दिलगिरी व्यक्त केली.

फोन ठेवल्यावर इवाओने खण उघडून किल्ली काढली आणि काचेच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला. शाखेतल्या चौघांनी माना खाली घातल्या, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर आम्ही काही पाहिलं नाही असं सांगता यावं. खरं सांगतो, हे ऐकताना मला वाटत होतं की आता हा माइक उचलेल. तुम्हालाही वाटलं असेल. घराचं नाव घेण्याची ती रीत सोडली, तर एकतीस वर्षांत त्या माणसाने कोणताही नियम मोडला नव्हता, आणि शिगेझोला जिवंतपणी मारलं तेसुद्धा नियमानेच. एक नंबरच्या बाई म्हणाल्या, तो बराच वेळ काचेत स्वतःकडे बघत होता. मग त्याने किल्ली खणात ठेवली आणि बुधवार दुपारच्या अर्ध्या रजेचा अर्ज भरला. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'चालायला जाणे'.

बुधवारी दुपारी एकला तो दुकानात आला. काळा कोट, काळा टाय. माझ्या खुर्चीवर एक गिऱ्हाईक अर्धवट भादरलेलं होतं.

'गेनपेइ,' तो म्हणाला, 'दो-दोघं लागतात.'

मी गिऱ्हाइकाला तसंच सोडलं. तो आजींच्या ओकुझावा वस्तीतलाच होता, त्यामुळे पहिला निरोप त्यालाच पोचला. त्याने खिशातली खोकल्याची गोळी आम्हा दोघांना अर्धी-अर्धी दिली.

इवाओकडे एक यादी होती. वरच्या चार वस्त्या, बासष्ट घरं. यादी त्याने डोक्यातूनच लिहिली होती, भोंग्यांच्या क्रमाने, प्रत्येक खांबाखाली कोणकोणती घरं ऐकतात ते. प्रत्येक घरापुढे घराचं नाव आणि माणसं. मला म्हणाला, सगळे आले तर वाडगे कमी पडतील. ही त्याची काळजी होती.

पहिल्या घरी खालच्या सुतारांची म्हातारी दारात आली. इवाओ झुकला, तोंड उघडलं आणि 'झ-झ-झ' वर अडकला. झऱ्याघर काही बाहेर येईना. माइक नव्हता ना. म्हातारी त्याच्याकडे काळजीने बघत राहिली, तिला वाटलं थंडीने. शेवटी मी सांगितलं. तिने तोंडावर पदरासारखा एप्रन धरला आणि आम्हाला मुळ्याचं लोणचं दिलं. दुसऱ्या घरी तेच, तिथे उकडलेलं रताळं. तिसऱ्या घराचं दार कोणी उघडलं नाही.

'शेतात असतील,' इवाओ म्हणाला.

शेतात मी पाहिलं. गवत माझ्या छातीइतकं होतं. चौथ्या घराच्या दाराला कुलूप आणि कुलपाला गंज. पाचव्यातला माणूस दोन वर्षांपूर्वी मुलाकडे सेंदाईला गेला, हे सहाव्यातल्या माणसाने सांगितलं. सातवं, आठवं, नववं, ओळीने बंद. नवव्या घराच्या झाडावर पर्सिमॉनची फळं पिकून काळी पडली होती आणि खाली माकडांनी टाकलेल्या बियांचा सडा होता. इवाओ यादीकडे बघायचा, दाराकडे बघायचा आणि पुन्हा यादीकडे. त्याने ती नावं कधी खोडलीच नव्हती. मेलेल्यांची बातमी त्याच्याकडे यायची, ती तो सांगायचा. पण जी माणसं न मरताच निघून गेली, त्यांची बातमी कोणी भोंग्यावर देत नाही. एक जण वृद्धाश्रमात, एक मुलीकडे, एक इस्पितळातून परत आलाच नाही. आणि हा दिवसातून तीन वेळा त्यांना हवामान सांगत राहिला.

नवव्या घराच्या अंगणात तो थांबला. 'गेनपेइ, मी क-कोणाला सांगत होतो रे?'

माझ्याकडे कशालाही उत्तर असतं, न्हाव्याचं ते भांडवलच. त्या वेळी मी त्याच्या हातातल्या यादीतलं दहावं नाव वाचून दाखवलं.

मी पुढच्या घराकडे वळलो, पण इवाओ आला नाही. तो त्या कुलपासमोर ताठ उभा राहिला होता. त्याने कोटाची गुंडी लावली, घसा साफ केला, आणि भोंग्यातला आवाज आला. खोऱ्याने सात महिने न ऐकलेला, पहाडासारखा, एकही अक्षर न अडखळलेला.

'ओकुझावा वस्ती. झऱ्याघरच्या सेकी तोमे, वय एक्क्याण्णव, यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार उद्या सकाळी अकरा वाजता, राहत्या घरी.'

मग तो थांबला. ओठ हलत नव्हते, पण मला माहीत होतं, मोजतोय. कड्याने आवाज परत केला. सातावर त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, दाराला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, 'च-चल.'

त्या दुपारी आमची वाटणी ठरून गेली. जिथे माणूस होता तिथे मी बोलायचं आणि दोघांनी खायचं. जिथे कोणी नव्हतं तिथे तो बोलायचा. बासष्टपैकी त्रेचाळीस घरं त्याच्या वाट्याला आली. एक घर गाळू दिलं नाही त्याने, मागे टाकलेली बंद दारंसुद्धा परत जाऊन घेतली. एका घराचं तर छप्पर आत बसलं होतं, त्यालाही त्याने वय, वेळ सगळं नीट सांगितलं, दोनदा. माझ्या पायांत गोळे आले होते आणि पोटात एकोणीस घरांची लोणची. मी एकदाही हसलो नाही. घरी येऊन आठवलं तेव्हा हसू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

गुरुवारी माणसं आली. एकोणीस घरांतून तेवीस. दोघी कुबड्या घेऊन, एक जण चाकांच्या खुर्चीत, ती आम्ही चौघांनी उचलून वर नेली. भाची दारात उभी राहून प्रत्येकाला वाकत होती आणि दर वेळी विचारत होती, आपण मावशींच्या कोण? आणि प्रत्येक जण एखाद्या मयताचं नाव सांगे, 'आमच्या सासऱ्यांच्या वेळी आल्या होत्या.' घर रिकामं नव्हतं. एवढं मी आजींना शपथेवर सांगू शकतो.

फक्त सुतारांच्या म्हातारीने कोठारातून चाळीसही वाडगे काढून मांडले होते, कारण मांडायचे ते चाळीसच, आणि मांडलेला वाडगा रिकामा ठेवायचा नाही. मुळा, आळूकुड्या आणि तळलेलं तोफू चाळीस ठिकाणी वाढलं गेलं. तेवीस जण जेवले आणि सतरा वाडगे वाफ थांबेपर्यंत तसेच समोर राहिले. शेवटी ज्याला जमेल त्याने दुसरा वाडगा ओढून घेतला. मी दोन खाल्ले. इवाओने तीन खाल्ले, हळूहळू, कोणाकडे न बघता. मुळे आजींच्या हातचे नव्हते, ते कळत होतं. वाडगे उपडे करून पुसायला घेतले तेव्हा बुडाची पट्टी ओली झाली, पण निघाली नाही.

सगळं आवरून आम्ही दोघं खाली निघालो तेव्हा कड्यावरचं ऊन गेलं होतं. शाळेच्या वळणावर इवाओ म्हणाला, आता आपल्या दोघांपैकी एक जण गेला की दुसऱ्याबरोबर कोण?

'तू जाऊ नकोस म्हणजे झालं,' मी म्हणालो.

'आणि तू?'

मी म्हटलं, मला तर अजून त्या गिऱ्हाइकाचं उरलेलं अर्धं डोकं करायचं आहे. तो हसला नाही. विनोद तसा बराच होता.

पुलाजवळच्या आठ नंबरच्या खांबाखाली आलो आणि भोंगा खरखरला. धून वाजली. बाई म्हणाली, हारुकाझे नगराकडून कळवण्यात येत आहे, पाच वाजले आहेत, बाहेर खेळणाऱ्या मुलांनो, आता घरी जा.

आम्ही दोघं सवयीने उभे राहिलो. मी मोजत होतो, तोही मोजत असणार. कड्यावरून आवाज परत आला. सात झाले. बाईने पुन्हा काही सांगितलं नाही, ती एकदाच सांगते. इवाओने पुलाखाली वाकून पाहिलं. शाळा बंद होऊन तीन वर्षं झाली होती, तिथे कोण असणार?

'कोणी नाही,' तो म्हणाला.

आणि मग आम्हीच घरी गेलो.